शोरूमच्या काचेआडची अनास्था

नवी गाडी घेतलेल्या माणसाला गाडीबद्दल विचारलं की तो भरभरून बोलतो. ॲव्हरेज, पिकअप, सस्पेन्शन, मागच्या सीटवर आजीला नीट बसता येतं का, सगळं सांगतो. मग हळूच विचारावं, 'शोरूमवाले कसे होते?' की सूरच बदलतो. टेस्ट ड्राइव्हसाठी शनिवारी अकराला बोलावलं आणि गेलो तर गाडीच जागेवर नव्हती. बुकिंगचे पैसे भरेपर्यंत दिवसातून चार फोन करणारा मुलगा नंतर फोन उचलेना. पांढरी सांगितली होती, तर 'राखाडी लगेच मिळेल, तीच घेऊन टाका' म्हणाले. डिलिव्हरीच्या दिवशी घरच्या सगळ्यांना घेऊन गेलो आणि दुपारपर्यंत सोफ्यावर बसून राहिलो. तपशील माणसागणिक वेगळे असतात, पण पैसे आपलेच आणि मिनतवाऱ्याही आपणच करायच्या, ही खंत सगळीकडे सारखी असते.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनं विकली गेली. जगातला हा तिसऱ्या क्रमांकाचा बाजार आहे. घर सोडलं तर मध्यमवर्गीय कुटुंबाची ही आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. हजार रुपयांची साडी घ्यायला गेलं तर दुकानदार गादीवर पन्नास साड्या उलगडतो, पाणी विचारतो, 'नाही आवडली तर राहू द्या, ताई' असंही म्हणतो. दहा लाखांच्या गाडीला मात्र ही साधी अगत्याची वागणूक मिळेल याची खात्री देता येत नाही. असं का व्हावं, हा या लेखाचा प्रश्न आहे. 'हल्लीच्या पोरांना काम करायला नको' हे त्याचं नेहमीचं उत्तर मला पटत नाही. काउंटरपलीकडच्या मुलाचा पगार, त्याच्या मालकाचं मार्जिन आणि कंपनीचा विक्रीचा हिशेब कसा चालतो ते पाहिल्याशिवाय ही अनास्था कळणार नाही.

आधी थोडं मागे जावं लागेल. आपल्याकडे गाडी विकण्याची कला उशिरा आली, कारण कित्येक दशकं गाडी विकावीच लागत नव्हती. ॲम्बेसिडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, एवढीच काय ती निवड. दोन्हींसाठी नाव नोंदवायचं आणि वाट पाहायची. स्कूटरचीही तीच गत. आकुर्डीची बजाज चेतक मिळायला वर्षानुवर्षं लागत. ज्यांचे नातेवाईक परदेशात होते ते परकीय चलनात पैसे भरून लवकर मिळवत. नंबर लागलेली गाडी तशीच दुसऱ्याला जास्त पैशांत देणाऱ्यांचा वेगळाच धंदा होता, त्या वरच्या पैशांना 'ऑन' म्हणत. त्या काळातला डीलर खरं म्हणजे वाटपाधिकारी होता. त्याच्यापुढे गिऱ्हाईक अर्जदारासारखं उभं राही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००च्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्याने गाडी बदलली, पण रांग संपली नाही. ती संपायला १९९३ उजाडावं लागलं. त्या वर्षी मोटार उत्पादनावरची परवान्यांची अट गेली. मग देवूची सिएलो आली, १९९८मध्ये सँट्रो आणि पिंपरीची इंडिका आली. डीलरला पहिल्यांदाच दारात येणाऱ्या माणसाकडे बघून हसावं लागलं. टेस्ट ड्राइव्ह, घरपोच माहिती, शोरूममध्येच कर्जाचं टेबल हे सगळं स्पर्धेने आणलं. आज शोरूमवर टीका करताना ही सुधारणा नाकारण्याचं कारण नाही.

मात्र ही सुधारणा किती वरवरची होती ते २०२१-२२ मध्ये दिसलं. सेमीकंडक्टर चिपचा जगभर तुटवडा पडला, कारखाने मंदावले आणि मागणी मात्र वाढत राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची पहिली २५ हजार बुकिंग्ज ५७ मिनिटांत संपली. जुलै २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनची एक लाख बुकिंग्ज अर्ध्या तासात झाली. कंपन्यांसाठी हे मोठं यश होतं. शोरूममध्ये मात्र जुनी रांग परत आली आणि तिच्याबरोबर जुना सूरही. 'ॲक्सेसरीज किट घेतलंत तर नंबर पुढे घेता येईल', 'इन्शुरन्स आमच्याकडूनच', 'नको असेल तर कॅन्सल करा, मागे दहा जण उभे आहेत' ही वाक्यं त्या दोन वर्षांत पुष्कळांनी ऐकली.

म्हणजे तुटवडा हेच कारण, असं वाटेल. पण मग २०२४च्या शरद ऋतूतली गोष्ट जुळत नाही. डीलरांची देशव्यापी संघटना 'फाडा'ने तेव्हा सांगितलं की डीलरांच्या आवारात ८० ते ८५ दिवसांचा माल पडून आहे, त्याची किंमत सुमारे ७९ हजार कोटी रुपये. गाड्या ठेवायला जागा नव्हती. अशा वेळी प्रत्येक येणाऱ्या माणसाला डोक्यावर घ्यायला हवं होतं. सवलती आल्या, जाहिराती आल्या. वागणुकीच्या तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. कारण त्या वागणुकीची मुळं मालाच्या कमी-जास्तीपेक्षा खोल आहेत.

कंपनीच्या दृष्टीने गाडी विकली जाते ती कधी? तुम्ही किल्ली हातात घेता तेव्हा असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गाडी कारखान्यातून डीलरकडे रवाना झाली की कंपनीच्या लेखी विक्री झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेला वर्तमानपत्रात कंपन्यांचे जे विक्रीचे आकडे छापून येतात ते बहुतेक या रवानगीचेच असतात. तिथून पुढे गाडी डीलरची. त्याने ती बँकेच्या कर्जावर उचललेली असते आणि आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर व्याज चालू असतं. अमुक मॉडेल किती, अमुक रंग किती, हे बऱ्याचदा वरून ठरून येतं. तुम्ही पांढरी मागता आणि समोरचा राखाडीचं कौतुक करतो, त्यामागे हे व्याज असतं.

नव्या गाडीवर डीलरला सुटणारे पैसे फार नाहीत. मार्जिन साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतं, त्यातून जागेचं भाडं, व्याज, पगार आणि स्पर्धेपायी द्यावी लागणारी सूट वजा करायची. रस्त्यालगतची मोठी काचेची इमारत, आत इटालियन टाइल्स, ठरावीक रंगाचे सोफे, हे सगळं कंपनीच्या नियमानुसार डीलरने स्वतःच्या खर्चाने करायचं. मग धंदा चालतो कशावर? विम्याच्या कमिशनवर, कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून मिळणाऱ्या पैशांवर, ॲक्सेसरीजवर, एक्सटेंडेड वॉरंटीवर, जुनी गाडी घेऊन पुढे विकण्यावर आणि वर्कशॉपवर. गाडी हे फक्त निमित्त उरतं, कमाई तिच्या आजूबाजूला आहे. त्यामुळे तुम्हाला कोणती गाडी सोयीची, हा प्रश्न शोरूममध्ये कुणाच्याच कामाचा राहत नाही.

आता टाय लावून समोर उभा असलेला मुलगा पाहू. वय बावीस-चोवीस. ठरलेला पगार तुटपुंजा, बाकीचं इन्सेंटिव्हवर. गाडीमागे इतके, विमा इथून काढला तर इतके, कर्ज इथून झालं तर इतके, किटचे इतके. महिन्याचं टार्गेट चुकलं तर टीम लीडरची बोलणी, दोन-तीन महिने चुकलं तर नोकरी जाते. जी गाडी तो विकतो ती त्याला स्वतःला घेता येणार नाही, तो बसने किंवा दुचाकीने कामावर येतो. दिवसभर उभा असतो, पाडव्या-दसऱ्याला सुट्टी नाही, कारण तेच मोठे दिवस. वर्ष-दीड वर्षात तो समोरच्या ब्रँडच्या शोरूममध्ये जातो, कारण तिथे चार पैसे जास्त असतात. गाडीची माहिती त्याला ब्रोशरपुरती असते, शिकवायला वेळ कुणी काढलेला नसतो. सहा एअरबॅग कुठे-कुठे असतात हे विचारल्यावर गोंधळणाऱ्या मुलाचा आपल्याला राग येतो. तो राग त्याला आठवडाभरही न शिकवता उभा करणाऱ्याकडे जायला हवा.

याहून महत्त्वाची गोष्ट 'लीड'ची. शोरूममध्ये पाऊल टाकल्याबरोबर तुमचं नाव आणि मोबाइल नंबर संगणकात चढतो आणि पहिल्या पाच मिनिटांत तुमच्यावर शिक्का बसतो: हॉट, वॉर्म किंवा कोल्ड. 'सर, याच महिन्यात घ्यायची आहे का?' हा पहिला प्रश्न त्यासाठीच असतो. 'हो, कर्ज मंजूर आहे' म्हणालात तर चहा येतो. 'दिवाळीला बघू, सध्या नुसती चौकशी' असं प्रामाणिकपणे सांगितलंत की त्या मुलाची नजर तुमच्या खांद्यावरून दाराकडे जाते. माणूस म्हणून तो वाईट नसतो. तुमच्यावर घालवलेला अर्धा तास त्याच्या या महिन्याच्या पगारात मोजला जाणार नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. गाडीसारखी वस्तू लोक चार-सहा महिने विचार करून घेतात आणि विकणाऱ्याचा हिशेब मात्र तीस तारखेला संपतो. माझ्या मते शोरूममधल्या अनास्थेचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. कंपन्यांना ते ठाऊक नसेल असं म्हणता येत नाही, कारण ही पद्धत त्यांनीच बसवली आहे.

शिक्का मारण्याची ही घाई कपडे आणि चेहरा पाहून होऊ लागते तेव्हा ती अपमानाच्या हद्दीत जाते. जानेवारी २०२२ मधली कर्नाटकातल्या तुमकूरची घटना अनेकांना आठवत असेल. एक फुलशेतकरी मित्रांबरोबर बोलेरो पिकअप घ्यायला महिंद्राच्या शोरूममध्ये गेला. त्याच्या सांगण्यानुसार तिथल्या विक्रेत्याने त्याची लायकी काढली, खिशात दहा रुपये नसतील अशा अर्थाचं बोलून त्याला परत पाठवलं. शेतकऱ्याने विचारलं, तासाभरात दहा लाख आणले तर आज गाडी द्याल का? तो पैसे घेऊन आला, आणि शोरूमला त्या दिवशी गाडी देता आली नाही. ही चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रांनी व्यक्तीचा सन्मान राखणं हे आपल्या समूहाचं मूल्य असल्याचं जाहीरपणे सांगितलं, झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त झाला आणि त्याला पुढे गाडी मिळाली. शेवट गोड झाला खरा, पण तो चित्रफितीमुळे झाला. ज्यांचं कुणी चित्रीकरण करत नाही त्यांचं काय, हे तिथून पुढे कुणी विचारलं नाही.

निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार किंवा वाळव्याचा ऊस उत्पादक मळकट कपड्यांत येऊन एकरकमी गाडी नेतो, हे आपल्याकडच्या जुन्या डीलरांना चांगलं ठाऊक असतं. तालुक्याच्या गावी मालक स्वतः काउंटरवर बसतो, येणाऱ्याचं गाव विचारतो, कुणाचे पाव्हणे ते काढतो. तिथे इतका उद्धटपणा सहसा परवडत नाही, कारण गोष्ट बाजारच्या दिवशी गावभर होते. मोठ्या शहरातल्या साखळी शोरूममध्ये मालक दिसत नाही, विक्रेता त्या भागातला नसतो आणि गिऱ्हाईक पुन्हा भेटणार नसतं.

हा भेदभाव फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक इयान आयर्स यांनी १९९१ साली शिकागो परिसरातल्या मोटार विक्रेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारखं बोलायला, सारखी घासाघीस करायला शिकवलेली माणसं त्यांनी शोरूममध्ये पाठवली. गोऱ्या पुरुषांना जो भाव सांगितला गेला त्यापेक्षा स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना जास्त सांगितला गेला. गाडी तीच, बोलणंही तेच होतं. भाव मात्र समोरचा माणूस पाहून ठरत होता. आपल्याकडे असा मोठा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, पण कुठलीही कमावती बाई गाडी घ्यायला गेल्यावर काय होतं हे सांगू शकेल.

माझी एक मावसबहीण स्वतःच्या पगारातून गाडी घ्यायला निघाली, म्हणून मी तिच्याबरोबर पुण्यातल्या एका शोरूममध्ये गेलो होतो. तिला ग्राउंड क्लिअरन्स हवा होता, कारण तिची बदली कोकणात होती आणि घाटातून ये-जा रोजची. तिने विचारलं, मुलाने उत्तर मला दिलं. तिने बूटमध्ये किती लिटर जागा आहे ते विचारलं. त्याने डिकी उघडून मला दाखवली. मला गाडी चालवता येत नाही हे तिने त्याला हसून सांगितलं, तरी तो म्हणाला, 'सर, मॅडमसाठी ऑटोमॅटिक बघा ना, त्यांना सोपं पडेल.' टेस्ट ड्राइव्हची किल्लीही त्याने माझ्याच पुढे धरली. बहिणीने काही वाद घातला नाही, पर्स उचलली आणि निघाली. पुढच्या शोरूममध्ये एका तरुण मुलीने तिच्या हातात किल्ली दिली, स्वतः शेजारी बसली आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला सांगितली. गाडी तिथे विकली गेली. पहिल्या मुलाच्या संगणकात बहुधा तिच्या नावापुढे 'कोल्ड' लिहिलं गेलं असेल, आणि ती का गेली हे त्याच्या मालकाला कधीच कळणार नाही.

आता कोटेशनच्या कागदाकडे येऊ. अनास्था फक्त बोलण्यात नसते, ती कागदावरही असते. वर एक्स-शोरूम किंमत. त्याखाली रोड टॅक्स: महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के, डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस. हा टीसीएस तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो, हे आपणहून सांगणारा विक्रेता विरळा. मग विमा, फास्टॅग, एक्सटेंडेड वॉरंटी. त्यानंतर मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, बॉडी कव्हर यांचं 'एसेन्शियल किट', जे घेतलंच पाहिजे असं भासवलं जातं. आणि शेवटी 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची एक ओळ. ही रक्कम कशाची, असं विचारलं की 'सगळ्यांनाच लागते, सर' एवढंच उत्तर येतं. सगळ्यांकडून घेतली जाते हे ती योग्य असल्याचं कारण होऊ शकत नाही.

विम्याच्या ओळीवर थोडं थांबू. १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे ही रक्कम मोठी असते. ती कुठल्या कंपनीकडून घ्यायची हा निर्णय मात्र ग्राहकाचा आहे. विमा नियामक आयआरडीएआयने डीलरांसाठी नियम केले, ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांत ग्राहकावर विम्याची सक्ती करता येणार नाही हे स्पष्ट आहे. 'विमा बाहेरून काढला तर?' असं विचारून पाहा. आतापर्यंत गोड बोलणारा मुलगा एकदम गंभीर होतो. 'मग डिस्काउंट जाईल', 'क्लेमच्या वेळी आमच्या वर्कशॉपला कॅशलेस होणार नाही', 'डिलिव्हरीला उशीर होईल'. कॅशलेस हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर ठरतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. त्या मुलाचे काही रुपये जातात म्हणून आपल्याला भीती घातली जाते, एवढंच.

सवलतीचीही एक बाजू फारशी बोलली जात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. सुरुवात झाली ती एका निनावी ई-मेलने, त्यातली तक्रार महाराष्ट्रातल्या डीलरांवरच्या बंधनांची होती. कंपनीने ठरवलेल्या सवलतीपेक्षा जास्त सूट द्यायची नाही असं धोरण होतं, आणि ते पाळलं जातं का हे बघायला गिऱ्हाइकाच्या वेषात खासगी एजन्सीची माणसं शोरूममध्ये पाठवली जात. जास्त सूट देताना डीलर सापडला तर त्याला दंड, आणि आयोगाच्या आदेशानुसार हा दंड विक्रेता, टीम लीडर, शोरूम मॅनेजर यांच्यावरही बसे. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केलं. ह्युंदाईला २०१७ मध्ये अशाच स्वरूपाच्या प्रकरणात ८७ कोटींचा दंड झाला होता, तो अपिलात २०१८ मध्ये रद्द झाला. तेव्हा कायद्याची बाजू दोन्हीकडून लढवली जाते. पण विक्रेत्याच्या जागी उभं राहून विचार करा. समोरचं गिऱ्हाईक खरं आहे की आपल्याला पकडायला आलेलं आहे, अशी शंका ज्याच्या मनात असेल त्याच्याकडून मोकळ्या, जिव्हाळ्याच्या बोलण्याची अपेक्षा कशी करायची?

बुकिंग झाल्यावर जे मौन सुरू होतं त्याचीही चीड येते. ते मौन तर पगाराच्या पद्धतीतच लिहिलेलं आहे. तुमची पावती फाटली की तुमचा आकडा मोजला गेला, आता तो मुलगा पुढच्या आकड्यामागे. तुमची फाइल कर्जाच्या टेबलावर, मग आरटीओचं काम बघणाऱ्याकडे, मग डिलिव्हरी विभागात जाते, आणि पूर्ण फाइलची जबाबदारी कुणा एकाची नसते. त्यात मुहूर्त आला तर विचारायलाच नको. गुढीपाडवा, दसरा, धनत्रयोदशीला एकेका शोरूममधून शेकडो डिलिव्हऱ्या. सकाळी साडेआठचा मुहूर्त सांगितलेलं कुटुंब हार, नारळ, पेढे घेऊन उन्हात उभं, आणि नंबर प्लेट अजून आलेली नाही. त्या गर्दीत गाडीची नीट तपासणी होत नाही, ओरखडा घरी गेल्यावर दिसतो.

या साऱ्याची मोजदाद होत नाही असंही नाही. डिलिव्हरीनंतर कंपनीकडून समाधानाबद्दल विचारणारा फोन येतो. पण त्याच्या आदल्या दिवशी विक्रेत्याचा फोन आलेला असतो: 'सर, दहापैकी दहाच द्या, नऊ दिलेत तरी माझा इन्सेंटिव्ह जातो.' आणि आपण देतो, कारण पोराच्या पोटावर पाय कशाला आणायचा. अशा रीतीने ज्या आकड्याने तक्रार वर पोचायला हवी तोच आकडा तिला खालच्या खाली मिटवतो. मुख्यालयातल्या सादरीकरणात सगळे ग्राहक खूश असतात.

उपाय करून पाहिले गेले आहेत. जुलै २०१५ मध्ये मारुतीने 'नेक्सा' ही वेगळी साखळी काढली, जिथे मोकळी जागा, शांत वातावरण आणि नेमून दिलेला रिलेशनशिप मॅनेजर होता. सगळ्यात मोठ्या कंपनीने वागणुकीसाठी वेगळं दुकान थाटलं, यातच जुन्या दुकानात काय कमी होतं याची कबुली आहे. खटकतं ते हे की चांगली वागणूक महागड्या गाडीबरोबर आली, पहिली छोटी गाडी घेणाऱ्याला ती आधी मिळायला हवी होती. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून वेगळा मार्ग धरला. गाड्यांचा साठा कंपनीचा, देशभर एकच भाव, बिल कंपनीचं आणि डीलरला कमिशन. व्याजाचं ओझं आणि घासाघीस दोन्ही गेली. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपलं पहिलं दालन उघडलं, तेही कंपनीचं स्वतःचं. पण मधला डीलर काढला की सेवा सुधारतेच असा निष्कर्ष काढू नये. ओला इलेक्ट्रिकची दुकानं कंपनीचीच होती, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला नोटीस काढली तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्याविरुद्ध दहा हजारांहून जास्त तक्रारी जमा झाल्या होत्या.

डीलरची बाजूही ऐकायला हवी. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. कर्ज काढून त्यांच्या शोरूम उभारलेले लोक आणि तिथे काम करणारी हजारो मुलं उघड्यावर आली. डीलरांना संरक्षण देणारा कायदा हवा, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीनेही केली आहे. पाच वर्षांनी आपण या धंद्यात असू की नाही हे ज्याला माहीत नाही तो माणसं शिकवण्यावर पैसे घालत नाही. त्याने ते घालावेत असं वाटत असेल तर त्याला उद्याची थोडी शाश्वती हवी.

ग्राहक म्हणून आपणही काही कमी नाही. पाच शोरूम फिरून, एका मुलाकडून सगळं समजून घेऊन, दोनदा टेस्ट ड्राइव्ह करून दोन हजारांसाठी गाडी दुसरीकडून घेणारे आपल्यातलेच असतात. त्या मुलाला एकेरीत हाक मारणारे, रात्री साडेदहाला फोन करून हिशेब विचारणारेही.

कायदा आपल्या बाजूने बराच आहे. महाराष्ट्र हे तर या चळवळीचं माहेर. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आजचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, जुलै २०२० पासून लागू असलेला. एक वस्तू हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणं या कायद्यात प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरतं. म्हणजे गाडीसाठी किटची किंवा विम्याची सक्ती ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगापुढे करता येते, मुदत दोन वर्षांची. उद्धट बोलण्याला आयोगाकडे शिक्षा मागणं अवघड आहे. पण उद्धटपणाच्या पाठोपाठ येणारं बेकायदा कलम बहुतेक वेळा कागदावर सापडतं.

माझं मत असं की शोरूममधली वागणूक सुधारायची असेल तर प्रशिक्षणाच्या शिबिरांनी आणि भिंतीवरच्या मूल्यांच्या पाट्यांनी फार काही होणार नाही. विक्रेत्याचा पगार जगण्यापुरता तरी ठरलेला हवा आणि त्याच्या इन्सेंटिव्हचा मोठा भाग बुकिंगला न देता, डिलिव्हरी वेळेवर आणि कागदपत्रं पूर्ण झाल्यावर द्यायला हवा. चौकशीला आलेल्या माणसाला नीट माहिती दिली तर तेही काम म्हणून मोजलं गेलं पाहिजे. हे कंपन्या करू शकतात. डीलरच्या फरशीचा रंग ज्या ठरवतात त्यांना एवढं ठरवणं अशक्य नाही.

तोवर वाचकांना सांगायचं ते इतकंच. कोटेशन लेखी मागा आणि प्रत्येक ओळीचं कारण विचारा. विम्याचे दोन-तीन दर स्वतः काढून न्या. बुकिंगच्या पावतीवर रंग, मॉडेल आणि अंदाजे तारीख लिहून घ्या, पैसे परत मिळण्याची अट वाचा. पूर्ण रक्कम भरण्याआधी गाडी उजेडात पाहा, फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना-वर्ष तपासा. सक्ती झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. अपमान झाला तर उठून या. दुसरं शोरूम आता सहसा फार लांब नसतं. आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने मनापासून मदत केली असेल तर तिचं नाव घालून मालकाला आणि कंपनीला चार ओळी अवश्य लिहा, दहापैकी दहाच्या आकड्यापेक्षा त्या ओळी तिच्या जास्त उपयोगी पडतील.